बांध मारू नका, एवढंच म्हणतोय



आधी नोंद लिहितो, भांडण नंतर.

कोजागिरीनंतरचा तिसरा दिवस. सकाळी पावणेसात. दव भरपूर, वारा नाही. पाटण तालुक्यातलं आमचं शिवार, सात ताली मिळून अडीच एकर. सोयाबीन निघालंय, खालच्या दोन ताली भाताच्या, अजून उभ्या आहेत. शेवटच्या तालीखाली ओढा आहे आणि ओढ्याकडेला एक जुना करंज. त्याच्या आतल्या वाळक्या काटक्यांवर पानं लटकल्यासारखं काहीतरी दिसलं. करंज तर हिरवागार, मग वाळकी पानं कुठली, म्हणून जवळ गेलो. फुलपाखरं होती. पंख मिटून, खाली डोकं करून, एकाला एक लागून. एका फांदीवर मोजत साठापर्यंत गेलो, तेवढ्यात चारदोन उडाली आणि मोजणी चुकली. सगळ्या झाडावर मिळून चार-पाचशे तरी असतील.

ऊन झाडाच्या आत शिरलं तशी एकेक पंख उघडायला लागली. बहुतेक ब्लू टायगर, म्हणजे काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे असतात ती. थोडी त्याच्याच भावकीतली, जास्त काळी. काही तपकिरी, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली, त्यांना कॉमन क्रो म्हणतात. साडेसातच्या सुमाराला निम्मी झाडावरून उतरून माझ्या बांधावरच्या तागावर आली. हा ताग मी बियाण्यासाठी ठेवलेली एक ओळ आहे, शेंगा वाळत आल्यात. फुलं संपलीत, म्हणजे मध नाही. तरी वाळक्या शेंगांवर आणि पानांवर बसून पायांनी खरवडत होती आणि सोंड लावून चोखत होती.

ही झाली नोंद. आता भांडण.

मी बघत उभा होतो तेवढ्यात पुतण्या आला. पाठीवर बॅटरी पंप. वरच्या उसातलं तणनाशक मारून उरलेलं घेऊन आलेला.

"तात्या, पंपात चार-पाच लिटर शिल्लक हाय. तुमचा बांध मारून देऊ का? कशाला वाया घालवायचं?"

"नको."

"आवं, किती गचपण माजलंय. लोकं काय म्हणत्याल?"

पोराचा हेतू चांगला होता. चुलत्याचं काम हलकं करायला आला होता. पण त्याच्या दोन वाक्यांत आपल्या सगळ्या गावांचा रोग आहे. पहिलं, उरलंय म्हणून मारायचं. दुसरं, लोक काय म्हणतील म्हणून मारायचं. या दोन्हीत पीक कुठंच नाही. बांधावरच्या तणानं माझ्या भाताचं किती नुकसान होतंय, हा प्रश्न त्याला पडला नाही. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही पडत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः माझे सातही बांध ग्लायफोसेटनं मारले होते. भांगलणीला बाई मिळत नव्हती, मिळाली तर तीनशेच्या खाली नाही, आणि बांध कापायला तर कुणीच येत नव्हतं. आठ दिवसांत बांध पिवळे पडले, पंधरा दिवसांत जळाल्यासारखे झाले. शेजारी म्हणाला, आता कसं शेत दिसतंय! मलाही बरं वाटलं. पुढच्या जुलैत पाऊस लागला आणि चौथी ताल मधोमध फुटली. हरळीची आणि गवताची मुळंच मेलेली, मातीला धरणार कोण? वरची चांगली काळी माती खालच्या भातात आणि तिथून ओढ्यात. ताल परत घालायला दगड, माणसं आणि दोन उन्हाळे गेले. तणनाशकाची बाटली स्वस्त पडली असं मी म्हणत होतो, तो हिशोब तिथं संपला.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी करंजावर फुलपाखरं आली नाहीत. त्या वेळी माझ्या ते लक्षातही आलं नाही, आता मागची वही चाळताना दिसतंय. माझा बांध जळला म्हणूनच आली नाहीत असं मी छातीठोक सांगणार नाही, दोन वर्षांच्या नोंदीवरून तसं सांगता येत नाही. पण ती ज्यावर येऊन बसतात ते मी मारलं होतं, एवढं नक्की.

आता ही फुलपाखरं तागावर काय करतात ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं कळेल. ताग, खुळखुळा, भुरुंडी असल्या झाडांत एक विषारी अल्कलॉइड असतं. जनावरांना ते घातक आहे, म्हणून ताग-खुळखुळ्याचं बी गाईगुरांच्या पोटात जाऊ देऊ नका. पण या जातीच्या फुलपाखरांतले नर ते मुद्दाम शोधून चोखतात. त्यापासून त्यांच्या अंगात एक वास तयार होतो आणि त्या वासावर मादी येते. हे विष मिळालं नाही तर नराचं लग्न जमणं अवघड. शिवाय अंगात विष असल्यामुळे पक्षी त्यांना सहसा खात नाहीत. म्हणजे आपण ज्याला गचपण म्हणतो तो यांचा दवाखानाही आहे आणि मांडवही.

आणि ही फुलपाखरं गावची नाहीत. दक्षिण भारतात अभ्यासकांनी यांचं स्थलांतर नोंदवलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानांकडे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरला उलट सह्याद्रीकडे. आपले मेंढपाळ जसे पावसाच्या हिशोबानं वर-खाली जातात तशी. वाटेत त्यांना रात्री टेकायला झाड लागतं, सकाळी चोखायला फुलं आणि ताग-खुळखुळा लागतो आणि अंडी घालायला दोडीच्या जातीचे वेल लागतात. हे सगळं आज कुठं उरलंय? जंगलात थोडं, आणि बाकी आपल्या बांधावर, ओढ्याकडेला, गावंदरीला.

"फुलपाखरांनी काय फरक पडतो तात्या?" असं म्हणणाऱ्यांसाठी आता अमेरिकेची गोष्ट सांगतो. कारण आपण आज बांधावर जे करतोय ते तिथं तीस वर्षांपूर्वी सुरू झालं आणि त्याचा निकालही लागलाय.

तिथं मोनार्क नावाचं फुलपाखरू आहे. केशरी, काळ्या रेघांचं. आपल्या रुईवर जे केशरी फुलपाखरू अंडी घालतं, प्लेन टायगर, त्याचं हे सख्खं चुलत भावंड, एकाच कुळीतलं. मोनार्कची अळी मिल्कवीड नावाच्या तणाशिवाय दुसरं काही खात नाही. मिल्कवीड म्हणजे तिथली रुईच समजा, तसाच पांढरा चीक. उन्हाळ्यात या फुलपाखराच्या पिढ्या काही आठवड्यांच्याच असतात, पण पानगळीच्या तोंडाला जन्मणारी पिढी सात-आठ महिने जगते. ती कॅनडाच्या दक्षिणेकडून आणि अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातून निघून मेक्सिकोतल्या डोंगरातल्या ओयामेल झाडांच्या जंगलात जाते. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरपर्यंतचा. वाटेत रोज संध्याकाळी शेतांच्या कडेच्या झाडांवर थव्यानं मुक्काम करते, माझ्या करंजावर ही करतात तशीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मेक्सिकोत पोचतात. तेव्हाच तिथल्या लोकांचे पितरांचे दिवस असतात, आणि ही फुलपाखरं म्हणजे घरी परतलेले पूर्वज असं तिथले गावकरी मानतात.

अमेरिकेतला शेतकरी पूर्वी मक्यातलं तण कोळपून काढायचा. मिल्कवीडची मुळं खोल, ते परत फुटायचं, पिकाच्या ओळीत थोडंफार राहायचं. १९९६ ला ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन आलं, मागोमाग मकाही आला. मग अख्ख्या शेतावरून फवारणी. पीक उभं राहतं, बाकी सगळं मरतं. मक्या-सोयाबीनच्या त्या पट्ट्यात १९९९ ते २०१० या काळात मिल्कवीड ५८ टक्क्यांनी कमी झालं असा अंदाज तिथल्या संशोधकांनी मांडला.

मेक्सिकोत ही फुलपाखरं हिवाळ्यात इतक्या दाटीनं बसतात की ती मोजता येत नाहीत, म्हणून किती जंगलावर बसली ते क्षेत्र दरवर्षी मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होतं. २०१३-१४ ला ०.६७ हेक्टर. आपल्या मापात सांगायचं तर पंचेचाळीस एकरांवरून पावणेदोन एकरांच्याही आत. मधूनमधून ते थोडं वर येतं, २०२४-२५ ला १.७९ हेक्टर भरलं, पण जुन्या आकड्याच्या जवळपासही नाही. दोष एकट्या तणनाशकाचा नाही. मेक्सिकोत जंगलतोड झाली, वादळं झाली, वाटेवर दुष्काळ पडले, आणि कुठल्या कारणाचा वाटा किती यावर तिथल्या शास्त्रज्ञांतही वाद आहे. पण मिल्कवीड गेलं आणि कशानं गेलं, यावर फारसा वाद नाही.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या शेतकऱ्यांपैकी फुलपाखरं मारायला कुणीच निघालं नव्हतं. सगळे आपापलं शेत स्वच्छ करत होते.

आणि आता तिथलं सरकार काय करतंय? शेतकऱ्यांना अनुदान देऊन शेताच्या कडेला मिल्कवीड आणि फुलझाडं लावायला सांगतंय. जे आपल्या बांधावर फुकट उगवतं आणि आपण पैसे घालून मारतो, ते तिथं पैसे घालून परत लावताहेत. आपल्याला यातून शिकायचंय, की तीस वर्षांनी आपणही रुईच्या रोपांसाठी अनुदानाचा अर्ज भरायचाय?

आता दुसरी बाजू. मी एकतर्फी बोलतोय असं कुणी म्हणू नये.

पहिला आक्षेप कृषी खात्यातल्या आणि कृषी सेवा केंद्रातल्या मित्रांचा. "बांधावरचं तण म्हणजे किडीचं घर." काही तणांबाबत हे शंभर टक्के खरं आहे. गाजर गवत, पेठारी यांवर कपाशीचा पिठ्या ढेकूण राहतो. काही तणांवर पांढरी माशी राहते. ती तणं काढलीच पाहिजेत, मीही काढतो, गाजर गवत तर फुलावर यायच्या आत मुळासकट. पण सल्ल्यात "तणमुक्त बांध" एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या एका शब्दात रुई, ताग, दोडी, हरळी, सगळी एकाच फासावर जातात. साहेब, रुईवर जो पिवळा मावा असतो तो रुई-कण्हेरीच्या कुळातला. तो आपल्या सोयाबीनवर येत नाही, ज्वारीवर येत नाही. उलट तो मावा खाऊन ढालकिडे वाढतात आणि तेच ढालकिडे नंतर ज्वारीवरचा मावा खातात. हे तुम्ही आम्हाला मित्रकिडींच्या तक्त्यात शिकवता आणि बांधाच्या सल्ल्यात विसरता. सल्ला बदला. कुठलं तण, कुठल्या महिन्यात, कशानं काढायचं, हे लिहा.

दुसरा आक्षेप माझ्यासारख्याच शेतकऱ्याचा. "मजूर नाही, वेळ नाही, तात्या, तुमचं वय झालंय म्हणून फुलपाखरं दिसतात." मजूर नाही हे मला शिकवू नका, मी त्यातूनच गेलोय. पण बांधाला भांगलण लागतच नाही. ग्रास कटरनं एका सकाळी दोन ताली होतात, गवत जनावराला होतं. आणि पिकात तणनाशक मारणाऱ्याशी माझं आज भांडण नाही. सोयाबीनमध्ये मीही एक फवारणी घेतो. मी बांधाबद्दल बोलतोय. बांधावर पीक नाही, मग तिथं तणाची स्पर्धा कुणाशी?

तिसरा आक्षेप कायद्याचा, तोही बोलून घेऊ. ग्लायफोसेट आपल्या देशात चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांसाठी शिफारस केलेलं आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. आता सांगा, तुमच्या बांधावर असा परवानाधारक ऑपरेटर आलेला कुणी बघितलाय? दुकानात बाटली सहज मिळते, पंप घरचा, हातात मोजे नाहीत, तोंडाला टॉवेल. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, ते विसरलात का? ती औषधं वेगळी होती, कीटकनाशकं होती, मला माहीत आहे. पण सवय हीच होती.

चौथा आक्षेप मीच घेतो, कारण तो आपल्या बाजूच्या माणसांवर आहे. काही जण लिहितात, फुलपाखरं परागीभवन करतात, ती गेली तर उत्पादन निम्म्यावर येईल. असं सांगून शेतकऱ्याला घाबरवू नका. माझ्या भाताला परागीभवनासाठी फुलपाखरू लागत नाही. सोयाबीनचं भागतं आपलं आपण. कांद्याच्या बियाण्याला, सूर्यफुलाला मधमाशी लागते, तीही याच बांधावरच्या फुलांवर जगते, तो मुद्दा खरा आहे आणि तो जरूर मांडा. पण ब्लू टायगरनं माझ्या पोत्यात किती दाणे वाढवले असं विचाराल तर उत्तर आहे, जवळजवळ शून्य.

आणि तरीही मी बांध मारणार नाही.

का? कारण प्रत्येक जिवाकडे पिकाच्या पावत्या मागायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. माझ्या सातबाऱ्यावर जमीन माझी आहे, त्यावरून जाणारी वाट माझी नाही. पूर्वी मेंढरं वाड्याकडून जाताना आपली आजी त्यांना शेतात बसवून घ्यायची. खत मिळायचं हे खरं, पण खताची गरज नसली तरी पाणी पाजल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. आता तर हे पाहुणे पाणीही मागत नाहीत. वाळका ताग मागतात आणि एका रात्रीपुरती करंजाची फांदी.

आणखी एक. आपण म्हणतो, आपली शेती तुकड्या-तुकड्यांची, म्हणून परवडत नाही. खरं आहे. पण तुकडे आहेत म्हणूनच बांध आहेत. तिकडे नजर पोचेल तिथपर्यंत मका, मध्ये काडी नाही, म्हणून तण मेलं तेव्हा फुलपाखराला सरकायला जागा उरली नाही. आपल्याकडे दर वीस-पंचवीस गुंठ्यांवर एक बांध. या दारिद्र्यातली ही एक श्रीमंती होती, तीही आपण पंपाच्या तोंडानं संपवतोय. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायची आणि सोमवारी बांधावरच्या रुईवर पंप धरायचा, हे कसं चालतं?

मी काय मागतोय ते चार ओळींत लिहितो.

दसऱ्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंत बांधावर आणि ओढ्याकडेला फवारणी करू नका. उरलेलं औषध बांधावर रिकामं करायची सवय सोडा, लागेल तेवढंच कालवा.

बांध कापायचाच असेल तर कटरनं कापा, एकदम सगळे नको, यंदा एक बाजू, नंतर दुसरी. गाजर गवत मात्र ठेवू नका.

हिरवळीचा ताग फुलावर आला की गाडता, तेव्हा कडेची एक ओळ बियाण्याला सोडा. पुढच्या वर्षीचं बी विकत घ्यावं लागत नाही, हा रोख फायदा. रुई आणि दोडीचा वेल दिसला तर राहू द्या.

आणि तारीख लिहून ठेवा. कुठं दिसली, किती वाजता, कुठल्या झाडावर, साधारण किती. हे काम हलकं समजू नका. मोनार्क मेक्सिकोत कुठं जातं हे १९७५ पर्यंत बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हतं. जागा सापडल्यावर तिथं एक फुलपाखरू मिळालं, त्याच्या पंखावर चिकटवलेली पट्टी होती. ती मिनेसोटा राज्यातल्या एका शिक्षकानं आणि त्याच्या शाळेतल्या पोरांनी लावलेली होती. आपल्या शाळांतली पोरं काय कमी आहेत? आपल्या ब्लू टायगरची वाट गावागावांतल्या वह्यांतूनच जोडली जाईल.

पुतण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याला पंप खाली ठेवायला लावला आणि करंजाखाली नेला. दहा मिनिटं काही बोलला नाही. मग मोबाईल काढून व्हिडिओ केला, तो कॉलेजच्या ग्रुपवर गेला आणि दुपारपर्यंत चार पोरं बघायला आली. पंपातलं औषध काही त्यानं ओतून दिलं नाही. उद्या त्याच्या उसाच्या राहिलेल्या सऱ्यांत मारीन म्हणाला. ठीक आहे. माझा बांध वाचला, आणि त्याचा बांध यंदा राहू दे असं तो आपणहून म्हणालाय. दिवाळीत परत विचारीन.

आजची संध्याकाळची नोंद: सहा वाजून दहा मिनिटं. वारा पश्चिमेचा, हलका. करंजावर सकाळपेक्षा कमी, दीड-दोनशे. बाकीची डोंगराकडे गेली असावीत. ताग उभा आहे.